अब्राहामाजवळ मेंढरे होती



काही वर्षांपूर्वी निपाणी भागातील एका लहानशा मंडळीत मी शब्बाथ शाळेचा प्रौढांचा वर्ग घेत असे. त्या रविवारी उत्पत्तीच्या पुस्तकाचा बारावा अध्याय होता. देवाने अब्रामाला देश, गणगोत आणि बापाचे घर सोडून निघावयास सांगितले, आणि कोठे जायचे हे ठाऊक नसतानाही तो निघाला, हा भाग मी मोठ्या उत्साहाने समजावून दिला. शेवटी मी म्हणालो, "आपणही आपापले हारान सोडले पाहिजे. सवयीच्या उबेत बसून राहणाऱ्याला वचनदत्त देश दिसत नाही." खरे सांगायचे तर ते वाक्य माझे मलाच फार आवडले होते.

वर्ग सुटल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, कपाळी अकाली वैधव्य, आणि विड्या वळून वळून बोटांची टोके काळवंडलेली. त्या संकोचाने म्हणाल्या, "मास्तर, एक इचारू? अब्राहामाजवळ मेंढरं हुती, गडीमाणसं हुती. माज्याजवळ काय हाय?"

मी त्यावर काहीतरी बोललो. काय बोललो ते आज आठवत नाही, यावरूनच ते कितपत कामाचे होते हे कळते. घरी येऊन अध्याय पुन्हा वाचला. पाचव्या वचनात स्पष्ट लिहिले आहे की अब्राम निघाला तेव्हा बायको, पुतण्या, मिळवलेली सर्व मालमत्ता आणि हारानात जोडलेली माणसे, एवढे सारे त्याच्याबरोबर होते. त्या भगिनींनी तो अध्याय माझ्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक ऐकला होता.

त्यांचा प्रश्न वरवरचा नव्हता. त्यांची थोरली मुलगी बारावी पास झाली होती आणि दूरच्या शहरात परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिला जागा मिळण्याची शक्यता होती. पाठीमागे एक धाकटा मुलगा आणि म्हातारी सासू. मायलेकी दोघी मिळून दिवसाला हजार विड्यांचा हिशेब कसाबसा पुरा करीत. लेक गेली की एका माणसाचे हात गेले, आणि वर फी, वसतिगृह, गणवेश, प्रवास यांचा खर्च उभा राहिला. मुलीला पाठवावे की घरीच ठेवून, विड्या वळता वळता एखादे स्थळ पाहावे? माझ्या सुरेख वाक्यात या हिशेबाला जागा नव्हती.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. ओळखीचा, ठरलेला जीवनक्रम सोडून माणसाने अनोळखी वाटेवर पाऊल केव्हा टाकावे? न टाकणे हे नेहमीच भित्रेपण असते काय? आणि टाकणे हा नेहमीच विश्वास असतो काय?

प्रथम त्या ठरलेल्या जीवनक्रमाचा मान राखला पाहिजे. आपण उपदेश करताना त्याची फार लवकर थट्टा करतो. विडी वळणाऱ्या घरातील दिवस कसा असतो, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पाने भिजवून ठेवायची. ओल धरली की पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान वळायचे, तोंड मोडायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांची एक जुडी. मग ठेकेदाराकडे भरणा, आणि भरण्यात 'छाट' निघाली तर तेवढी मेहनत पाण्यात. यात गौरव करण्यासारखे काही नाही. तरीही या क्रमाने शेकडो घरांत चूल पेटली आहे, मुलांच्या शाळेच्या वह्या आल्या आहेत, आणि रविवारी दानपेटीत नाणेही पडले आहे. प्रभूने आपल्याला रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करावयास शिकवले. ज्याची भाकर रोजच्या रोज मोजून मिळते, त्याने 'उद्या काय' असे विचारले तर तो अविश्वास नव्हे. ती जबाबदारीची जाणीव आहे.

परंतु येथेच एक बारीक फसगतही होते. नव्या वाटेवरचा धोका आपल्याला स्पष्ट दिसतो, कारण तो नवा असतो. जुन्या वाटेवरचा धोका आपण मोजणेच सोडून दिलेले असते. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते, तिला आपण धोका म्हणत नाही. 'आमच्या कामात असंच असतंय' म्हणतो. मुलगी दहा-बारा वर्षांची असताना सुपाजवळ बसू लागते, तिला आपण तोटा म्हणत नाही. 'हाताखाली आली' म्हणतो. जुने तेवढे सुरक्षित, हा सवयीचा निवाडा आहे, आणि सवय ही काही निःपक्षपाती न्यायाधीश नव्हे.

शिवाय जुने जुन्यासारखेच राहील अशी हमी तरी कोणी दिली आहे? आम्हा सीमाभागातील लोकांना हे विशेष कळावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. कोणी घर हलवले नाही, कोणी शेत सोडले नाही. माणसे होती तेथेच राहिली आणि राज्य बदलले. कचेरीतील भाषा, शाळेतील पुस्तक, नोकरीची वाट, सारे हळूहळू बदलत गेले. त्या वादाची बाजू येथे मांडायची नाही. सांगायचे एवढेच की, जो जागचा हालत नाही त्याच्याही पायाखालची जमीन हालते. विडीचेही तसेच झाले आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदीचे नियम लागू झाले. पाकिटांवर आणि कट्ट्यांवर इशाऱ्याची चित्रे आली. हे नियम लोकांच्या आरोग्यासाठी योग्यच आहेत; परंतु विडीवर पोट असलेल्या घराला त्यांचा अर्थ असा की, आईचा धंदा लेकीला तसाच मिळेल हे गृहीत धरता येत नाही.

इस्राएल लोकांची गोष्ट आठवा. गणनेच्या अकराव्या अध्यायात त्यांना रानात मिसर देशाची आठवण येते. काय आठवते? मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. विटा आठवत नाहीत, मुकादमांचे फटके आठवत नाहीत, नदीत टाकलेली बाळे आठवत नाहीत. सवयीची स्मरणशक्ती ही अशी असते; तिला स्वयंपाकघर आठवते आणि वीटभट्टी विसरते. तरीही देवाने त्यांच्या भुकेला खोटे म्हटले नाही. मान्ना रोज सकाळी पडत राहिला. मुक्त झालेल्यालाही जेवावे लागते, हे परमेश्वर जाणतो. उपदेशकाने मात्र ते कधी कधी विसरावे, हा त्याचा दोष.

आता आपल्या बेळगावचेच एक उदाहरण घेऊ. बाबा पदमनजी यांचे नाव मराठी ख्रिस्ती मंडळींना नवीन नाही. त्यांचा जन्म १८३१ साली बेळगावात, एका सधन कासार कुटुंबात झाला. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले होते, आणि मिशनच्या इंग्रजी शाळेत बाबांचे शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस गेले. मन पालटत होते, पण घर, जात, आईबाप या साऱ्यांचा पाश बळकट होता. अखेर १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. मुंबईत, ओळखीच्या नजरांपासून दूर राहून नव्हे, तर आपल्याच गावात. पुढे त्यांनी पाळकपण केले, शंभरावर लहानमोठी पुस्तके लिहिली, 'अरुणोदय' नावाचे आत्मचरित्र १८८८ साली प्रसिद्ध केले. १८५७ साली निघालेली त्यांची 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःखावरील कथा मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते.

हे सारे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या १८५४ सालच्या तरुणाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे कादंबरी नव्हती, कीर्ती नव्हती. आईचे रडणे होते. १८५० साली सरकारने असा कायदा केला होता की, धर्म बदलला म्हणून कोणाचा वारशाचा हक्क जाऊ नये. कायदा चांगला होता. पण चुलीजवळची जागा कायदा देऊ शकत नाही. आईच्या हातचे ताट कोर्टाच्या हुकुमाने मिळत नाही. जे जाणार होते ते जाणारच होते, आणि ते पाहूनच त्यांनी पाऊल टाकले.

बाबांच्या त्या काळातील आणखी एक गोष्ट या विषयाला फार लागू पडते. मुंबईस असताना ते परमहंस सभेत होते. १८४९च्या सुमारास स्थापन झालेली ही सभा गुप्त होती. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान तिच्यात होते. जातिभेद खोटा आहे, अशी सभासदांची प्रामाणिक खात्री होती. सभेत येणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, असा परिपाठ होता. पण हे सारे बंद दाराआड. सभासदांची संख्या हजार झाली म्हणजे सर्वांनी मिळून उघड व्हायचे, असा बेत असल्याचे सांगतात. हजार काही झाले नाहीत. १८६०च्या सुमारास सभेची नावे फुटली आणि सभासद पांगले.

त्या मंडळींना भेकड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. त्यांच्यातीलच काहींच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज निघाला. बी अगदीच वाया गेले नाही. पण त्यांच्या बेतातील गोम पाहण्यासारखी आहे. 'हजार जण झाले की मी निघतो', असे प्रत्येक जण म्हणत राहिला, तर पहिला कोण? त्यांना नवे जीवन हवे होते आणि जुन्याची एकही सोय सोडायची नव्हती. परिणाम असा झाला की, जुन्यात त्यांचे मन राहिले नाही आणि नव्यात त्यांचे पाऊल पडले नाही. अब्रामाचा बाप तेरह हाही ऊर नगरातून कनान देशाला जायलाच निघाला होता. पण हारानपर्यंत आला, तेथेच राहिला आणि तेथेच वारला. अर्ध्या वाटेवर घर बांधणारे लोक आजही पुष्कळ आहेत. कदाचित आपणही त्यांतलेच असू.

इतके झाले तरी एक अडचण उरतेच, आणि ती टाळून चालणार नाही. जो निघतो, त्याची किंमत तो एकटा देत नाही. बाबांच्या धैर्याची किंमत त्यांच्या घरानेही दिली. त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९५ साली, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंना कोणी विचारले होते? निर्णय पतीचा, ताटातूट, लोकांची बोलणी आणि अंधार मात्र तिच्या वाट्याला. ती मागून आली खरी, पण ओढली गेली म्हणून नव्हे. काही वर्षे वेगळी राहून, भांडून, रडून, विचार करून ती आपल्या पायांनी आली आणि १९०० साली तिने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. तिची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, तिच्या वाटचालीतील प्रत्येक पाऊल तिचे स्वतःचे होते. दुसऱ्याच्या वतीने कोणाला विश्वास ठेवता येत नाही, आणि दुसऱ्याच्या वतीने धोकाही पत्करता येत नाही. व्यासपीठावरून 'निघा' म्हणणाऱ्याने हे आधी शिकावे. मी ते उशिरा शिकलो.

मग निघण्याची वेळ ओळखायची कशी? मी काही मोठा शास्त्री नाही. शब्बाथ शाळेच्या वर्गात पुष्कळ चर्चा करून तीन प्रश्न आम्हाला उपयोगी वाटले, ते येथे देतो.

पहिला प्रश्न: मी कशाकडे जात आहे, की केवळ कशापासून पळत आहे? धोका पत्करणे हीच विश्वासाची खूण असेल, तर योनाही मोठा विश्वासू ठरेल. त्यानेही घर सोडले, पदरचे भाडे भरले, तार्शीशच्या जहाजात बसला, अनोळखी समुद्रावर गेला. त्याच्या प्रवासात धाडस सगळे होते. फक्त आज्ञापालन नव्हते. आपल्या भागातील पुष्कळ तरुण आज कोल्हापूर, पुणे, बंगळूरकडे जातात. कोणी घरचा भार उचलायला जातो, कोणी घरचा भार टाकायला जातो. बस एकच असते, तिकीटही एकच असते. प्रवास दोन असतात.

दुसरा प्रश्न: माझ्या निघण्याची किंमत कोण देणार आहे, आणि त्या माणसाला मी विचारले आहे काय? विचारले म्हणजे तो हो म्हणेलच असे नाही. बाबांच्या आईबापांनी हो म्हटले नसते. काही वेळा त्यांच्या नकारानंतरही जावे लागते. पण ज्याच्या अंगावर ओझे पडणार, त्याच्या तोंडाकडे न पाहता निघणे यात विश्वास कमी आणि कठोरपणा अधिक असतो.

तिसरा प्रश्न: हे पाऊल मला उजेडात टाकता येईल काय? जे नवे जीवन फक्त दार लावून जगता येते, ते अजून सुरू झालेले नाही, हा परमहंस सभेचा धडा आहे.

या तीन प्रश्नांची उत्तरे नेहमी 'नीघ' अशीच येतील असे नाही. पवित्र शास्त्रात राहणाऱ्यांनाही मान आहे. रूथ नामीबरोबर गेली, तिची आपण स्तुती करतो. पण अर्पा रडून, सासूचे चुंबन घेऊन माहेरी परतली, तिला शास्त्राने एका शब्दानेही दोष दिलेला नाही. मार्काच्या पाचव्या अध्यायात भूतग्रस्त मनुष्य बरा झाल्यावर प्रभूबरोबर येण्याची विनंती करतो. त्याला गाव सोडायचे होते, आणि त्याचे कारण आपण समजू शकतो. त्या गावाने त्याला साखळ्यांनी बांधले होते. परंतु प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. त्याच्यासाठी नव्या जीवनाचा पत्ता तोच जुना होता. त्याच उंबरठ्यावर, त्याच शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देऊन नवा मनुष्य म्हणून उभे राहणे, हे परगावी जाण्यापेक्षा कठीण असेल.

याचेही उदाहरण निपाणीने पाहिले आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस येथील तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या स्त्रिया प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या मदतीने संघटित झाल्या. त्यांच्या लढ्यावर १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' नावाचा माहितीपटही निघाला. त्या स्त्रियांनी गाव सोडले नाही, धंदा सोडला नाही. सकाळी त्याच वखारीत गेल्या. पण मालकापुढे मान खाली घालण्याची जुनी सवय सोडली, आणि ती सोडताना रोजची मजुरी पणाला लावली. त्याच सुमारास, १९८१ साली, तंबाखूच्या रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. म्हणून धोका हा शब्द निपाणीत हलकेपणाने उच्चारू नये. येथे तो रस्त्यावर सांडलेला लोकांनी पाहिला आहे.

वखारीतील त्या स्त्रियांचा विचार करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. त्यांच्यातील एकटी कोणी उभी राहिली असती, तर दुसऱ्या दिवशी तिचे काम गेले असते. त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. धोका तोच होता, पण तो वाटला गेला होता. हजार जण होईपर्यंत थांबण्यात आणि शेजारणीचा हात धरून आज उभे राहण्यात हा फरक आहे. परमहंस सभेतील लोकांनी सोबतीची वाट पाहिली. या स्त्रिया एकमेकींची सोबत झाल्या.

आणि मग मला योहानाचा पाचवा अध्याय नव्याने उलगडला. अडतीस वर्षे आजारी असलेला मनुष्य तळ्याच्या काठी पडून आहे. प्रभू त्याला विचारतो की, तुला बरे व्हायचे आहे काय? या प्रश्नावर मी अनेक उपदेश ऐकले आहेत आणि एक-दोन केलेही आहेत. अडतीस वर्षांत अंथरुणाचीही सवय होते, बरे होणे म्हणजे नवी जबाबदारी, म्हणून प्रभूने आधी त्याची इच्छा विचारली, असे आपण सांगतो. ते खरेच आहे. पण त्या माणसाचे उत्तर आपण घाईने ओलांडतो. तो म्हणतो की, पाणी हालते तेव्हा मला तळ्यात सोडायला माझे कोणी माणूस नाही. इच्छा नाही असे तो म्हणत नाही. माणूस नाही असे म्हणतो. आपण त्याला बहाणा समजतो. प्रभूने त्याला तसे म्हटलेले नाही. प्रभू त्याचा माणूस झाला.

'माज्याजवळ काय हाय?' असे त्या भगिनींनी विचारले, तेव्हा तोच आवाज होता, आणि मी तो ओळखला नाही. त्यांच्या विश्वासात उणे नव्हते. उणे होते ते माझ्या उपदेशात. मी त्यांना उडी मारायला सांगत होतो आणि खाली कोणी चादर धरली आहे की नाही, हे पाहिले नव्हते.

पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो. पुढच्या रविवारी मी वर्गात माझी चूक कबूल केली आणि त्यांचा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. अर्थात त्यांची परवानगी घेऊन. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एक म्हातारी म्हणाली, "माजं सूप रिकामंच असतंय दुपारचं. शंभर-दोनशे मी वळून देते की." दुसरी म्हणाली, "मी पानं कापून देईन." पाळकसाहेबांनी मंडळीच्या निधीतून पहिल्या फीची रक्कम देण्याचा विषय पंचकमिटीपुढे नेला. कमिटीत विरोधही झाला. एकाला दिले की दहा जण येतील, असे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. निधी खरोखरच लहान होता. अखेर निम्मी रक्कम मंजूर झाली आणि निम्मी घरोघर जमली. आठ आण्यांच्या बरोबरीची कळकळ कोणाची, हजाराची कोणाची, हे देवाला ठाऊक.

मुलगी गेली. पंधरा दिवसांनी रडत परत आली. तिला तेथील भाषा, तेथील जेवण, तेथील मुलींचे इंग्रजी, काहीच सोसवेना. तिच्या आईने तिला बोल लावला नाही. दोन दिवस तिला विड्याही वळू दिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने लेकीला विचारले, "ऱ्हातीस का जातीस? तू म्हणशील तसं." मुलगी रात्रभर जागी राहिली आणि सकाळच्या बसने गेली. मला वाटते, तिचे खरे निघणे ते दुसरे होते. पहिल्या खेपेला आम्ही तिला पाठवले होते. दुसऱ्या खेपेला ती स्वतः गेली.

आई मात्र आजही विड्या वळते. एकदा मी सहज म्हटले, "मावशी, आता तुम्हीही हे काम सोडा." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमी पुन्यांदा सुरू केलं?" मी गप्प बसलो. पण त्यांच्या घरात एक बदल झाला आहे. धाकट्या मुलाला त्या सुपाजवळ बसू देत नाहीत. मंडळीत कोणाची मुलगी शिकायला निघाली की, दुपारी त्या घरी जाऊन दोनशे विड्या वळून देणारी पहिली बाई त्याच असतात. त्यांचे नवे जीवन त्याच जुन्या सुपात आहे, आणि ते नवे नाही असे म्हणण्याचा अधिकार मला नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. उत्पत्तीचा बारावा अध्याय शिकवाल तेव्हा मुलांना अब्रामाचा विश्वास जरूर सांगा. पण पाचवे वचन गाळू नका. तो एकटा निघाला नव्हता, रिकाम्या हातांनीही निघाला नव्हता. मग मुलांना विचारा की, आपल्या वर्गातील, आपल्या गल्लीतील कोणाला निघायचे आहे आणि त्याच्याजवळ मेंढरे नाहीत? विचारून झाल्यावर थोडे थांबा. एखादे मूल आपल्या शेजाऱ्याकडे पाहील. धडा तेथून सुरू करा.